ज्या काळात मी जन्मलेच नाही

दादा गेला त्याच्या तेराव्यानंतर त्याच्या दुकानाचा मालक आमच्या बदलापूरच्या, खरवईतल्या घरी आला. दादा उल्हासनगरला कॅम्पात गेमच्या मशिनी विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला होता. मालक सिंधी, वयस्कर. लिफ्ट बंद होती म्हणून जिने चढून धापा टाकत होता. त्यानं हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "पुट बोलता था मैं उसको, बेटा. ये उसकी अपनी मशीन है बेटी, दुकान में पड़ी थी. घर में रहने दो."

आईनं पिशवीला हात लावला नाही. मालकाला चहा दिला, आणि तो कप तोंडाला लावत असताना माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिला आणायला गेलता."

मालकानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर कपात घातली.

खरं होतं ते, आणि नव्हतंही. मी अंबरनाथला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला होते. त्या संध्याकाळी दादाचाच फोन आला. "निघतोय. थांब, येताना घेतो तुला." मी म्हटलं, "मी येईन रिक्षानं." तो म्हणाला, "गप थांब तिथंच." एरवी तो बाइकवरून हायवेनं सरळ बदलापूरला यायचा. त्या दिवशी माझ्यासाठी आत वळला आणि एमआयडीसीच्या रस्त्यावर एका टँकरखाली आला. मी लॅबच्या दारात उभी राहून त्याच्यावर चिडत होते. फोन उचलत नाही म्हणून त्याला एक वाईट मेसेजही टाकला होता.

फोन त्यानं केला होता, मी नाही, हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "पन तुझ्यासाठीच ना?"

त्यानंतर ती माझ्याशी भांडली नाही की ओरडली नाही. फक्त कोणी भेटायला आलं की मालकाला सांगितलेलं तेच एक वाक्य सांगायची. मी पाण्याचा ट्रे घेऊन उभी असायचे. पाहुणे पाणी घेताना माझ्या तोंडाकडे बघायचे.

मशीन बरेच महिने पिशवीतच राहिली. एका रविवारी बाबा शेताच्या उरलेल्या तुकड्यावर गेले होते. आमची बाकीची जमीन बिल्डरकडे गेली, त्या बदल्यात हा फ्लॅट मिळाला. बाबांचा जीव अजून त्या तुकड्यात. घरात आई आणि मी दोघीच. त्या शांततेत बसवेना, म्हणून मी मशीन टीव्हीला जोडली. दादा खेळायचा तो गेम आत होता. मी तो पहिल्यापासून सुरू केला.

आई सुकट निवडायला परात घेऊन हॉलमध्ये आली. थोडा वेळ बघत बसली. मग म्हणाली, "काय बोलतात ती?"

गेम इंग्रजीत होता. मी मराठीत सांगायला लागले. किती दिवसांनी आम्ही दोघी एका गोष्टीबद्दल बोलत होतो. त्या आनंदात मी वाक्यन् वाक्य सांगत गेले.

गोष्ट एका वारलेल्या नावाड्याच्या घरातली होती. दरीच्या काठावर गाव, खाली नदी. घरात आई, मुलगा आणि धाकटी मुलगी. खेळणारा म्हणजे ती मुलगी. गावावर धुक्यातून येणारं सैन्य चालून येतं आणि तिघांना झुलत्या पुलावरून पळावं लागतं. पूल जळत असतो. भाऊ आधी आईला पार धाडतो, मग बहिणीला, आणि शेवटी स्वतः निघतो तेव्हा पूल तुटतो.

भाऊ दरीत पडला तेव्हा आईचे हात परातीत थांबले. मी म्हटलं, "बंद करू?"

"नको. पुढं काय होतं?"

पुढं मुलीला एका पडक्या देवळात घंटा मिळते. ती वाजवली की मागच्या काळात जाता येतं. पण मागं जाऊन काही बदललं तर जुना काळ पुसला जात नाही. तो तसाच चालू राहतो आणि त्याला नवा फाटा फुटतो. मला हे सांगताना शब्द सापडेनात. आईला मात्र माझ्याआधी कळलं.

"म्हंजे तिकडं तो मेलेलाच हाय," ती म्हणाली, "आणि इकडं जिता हाय. दोन्ही खरं."

"हो."

"दोन्ही आता, या टायमाला."

"हो, आई."

तिनं परात बाजूला ठेवली. "मग वाजव गो. बसलीस कशाला?"

मी घंटा वाजवली. पडदा पांढरा झाला आणि मुलगी आपल्या घराच्या दारात आली. आत चूल पेटलेली. आई वाढत होती, भाऊ जेवत होता, आई काहीतरी बोलली आणि तो हसला. मुलीनं हाक मारली. कोणी मान वर केली नाही.

"का बघत नाय तिच्याकडं?"

मी पडद्यावरची पाटी वाचली. घंटेचा नियम होता. एकाला परत आणलं की त्याच्या जागी एक जण काळातून वजा होतो. "या फाट्यात ती जन्मलीच नाही," मी सांगितलं. "ती नव्हती, म्हणून पुलावर दोघंच होते, म्हणून पूल टिकला."

पडद्यावर ती बाई मुलाच्या ताटात परत परत वाढत होती, कारण पुढचं बटण दाबेपर्यंत ते दृश्य तसंच चालू राहायचं.

"तो काय बोलतो बहिणीचं?"

"काही नाही. त्याला बहीण नव्हतीच ना."

"बरं हाय मग," आई म्हणाली. "दुःख नाय त्याला." आणि थोड्या वेळानं, "किती शांत घर हाय."

मी पुढं जायला बटण दाबणार होते. गोष्ट तिथं संपत नव्हती. त्या काळात धुकं अख्खं राज्य गिळतं, आणि मुलीला पुन्हा घंटा वाजवून भाऊ मेलेल्या काळात परतावं लागतं, हे दादानं कधीतरी सांगितलेलं मला तेव्हा आठवलं. जेवताना तो असल्या गोष्टी सांगत बसायचा. आईनं माझा हात धरला. "नको. तिथंच राहू दे."

मग ते तिथंच राहिलं. तिला मशीन चालू करायला येऊ लागलं. दुपारचं जेवण झालं की ती गेम लावायची आणि ते दृश्य बघत बसायची. हातात लसूण नाही की सुकट नाही, नुसती बघत बसायची. मी लॅबमधून आले की दार उघडून परत टीव्हीसमोर जायची. बाबा एकदा म्हणाले, "बंद कर ते, डोकं फिरेल." ती म्हणाली, "तुमी शेतावर जाता तेव्हा मी काय बोलते का?"

जांभूळ गावची काकू आली तेव्हा मी चहा करत होते. हॉलमधून आईचा आवाज येत होता, किती दिवसांत ऐकला नव्हता इतका मोकळा. ती काकूला गोष्ट समजावत होती. "हा बघ तिचा पोर. आणि ही पोरगी दारात उभी हाय ना, ती दिसत नाय त्यांना. ती जन्माला आलीच नाय, म्हणून हा वाचला."

काकू आधी हसली. मग मी ट्रे घेऊन बाहेर आले, तशी ती म्हणाली, "गेममधलं मनावर घेऊ नको हां तू." तोपर्यंत मी घेतलं आहे असं दाखवलं नव्हतं. आता ते तिघींच्या मध्ये मांडलं गेलं. आईनं बिस्किट उचललं आणि म्हणाली, "तिला काय होतंय?"

लॅबमध्ये एक टेक्निशियन होता, तो असले गेम खेळायचा. त्याला मी सहज विचारलं, घरातलं काही न सांगता. तो म्हणाला, "अरे, त्यात तिसरा फाटा पण आहे ना. फार लोकांना सापडत नाही. पुलाच्या आदल्या दिवशीपर्यंत मागं जायचं आणि आईला सगळं खरं सांगायचं. मग दोघंही जगतात."

दोघंही जगतात. त्या दिवशी मी सुट्ट्या पैशांऐवजी पेशंटच्या हातात रिपोर्टचं पाकीट देत होते, इतकं माझं लक्ष नव्हतं. घरी जाताना मी मिठाई घेतली. आज हसू येतं, पण घेतली होती.

आईला मी आधी सांगितलं नाही. तिच्या दृश्याला धक्का न लावता वेगळा खेळ सुरू केला आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी, ती पूजा आणि स्वयंपाकात असताना, खेळत गेले. शेवटी जमलं. मी तिला हात धरून आणून बसवलं. "बघ आता."

पडद्यावर मुलगी आईसमोर उभी राहून सगळं सांगते. पूल, भाऊ, घंटा. आई ऐकून घेते. दुसऱ्या दिवशी पुलाशी आल्यावर ती दोन्ही मुलांना पुढं ढकलते आणि स्वतः मागं थांबते. मग तेच घर, तीच चूल. भाऊ आणि बहीण समोरासमोर बसलेले. तो आपल्या ताटातलं तिच्या ताटात टाकतो आणि ती चिडते. अगदी आमच्यासारखं.

"आणि ती?" आईनं विचारलं.

"ती पुलावरच राहते. स्वतःहून."

"हे नको."

"आई, दोघंही जगलेत. बघ ना."

"दिसतंय मना. आंधळी नाय मी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पन मग मी कुठाय? मना तो कसा दिसणार?"

आत्तापर्यंत ती त्या बाईला 'ती' म्हणत होती.

मी विचारायला नको होतं. पण विचारलं. "म्हणजे मी नसले तर चालतं, आणि तू नसलीस तर चालत नाही?"

ती माझ्याकडे वळली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. भाजीवाल्याला भाव विचारून झाल्यावर नको म्हणावं, तसं ती म्हणाली, "तू इचारलंस म्हणून सांगते. व्हय."

बाबा आत होते. त्यांनी ऐकलं, कारण त्यांनी नळ जोरात सोडला आणि बराच वेळ बंद केला नाही.

त्याच महिन्यात मी अंबरनाथला बुवापाड्यात एक खोली घेतली, लॅबमधल्या एका मुलीबरोबर. आईनं जाताना मला डब्यात चटणी दिली, चादरी दिल्या, दारापर्यंत आली. शेजारणीला म्हणाली, "कामाचं लांब पडतं तिला." बाबा अधूनमधून शेतातली वांगी, पावट्याच्या शेंगा घेऊन यायचे, खोलीच्या उंबऱ्यावर पिशवी ठेवून तिथूनच जायचे. आत बोलावलं तर म्हणायचे, "ती वाट बघत असेल." मला माहीत होतं ती कोणाची वाट बघत नाही.

मग एक दिवस आईचा फोन आला. मी घर सोडल्यापासून पहिला. "लाईट गेली आणि जोरात आली. मशीन पेटत नाय. तू घेऊन जा त्याच्या दुकानात."

मी गेले. मालकानं मशीन उघडून पाहिली, दादा जिथं बसायचा त्याच स्टुलावर बसून. म्हणाला, "चालू हो जाएगी. लेकिन अंदर का सब गया बेटी. जो खेला था, वो नहीं मिलेगा." त्यानं पैसे घेतले नाहीत.

दुरुस्त मशीन घरी नेऊन मी आईला तेच सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाईट वाटेल, ती रडेल, मग मी तिच्याजवळ बसेन, असं काहीतरी मी रिक्षात ठरवत आले होते. ती म्हणाली, "मग परत कर. मना नाय जमायचं सगळं. मना तिथपर्यंत ने."

मी नेलं. रविवारी रविवारी जाऊन, नावाड्याच्या घरापासून, सैन्यापासून, जळत्या पुलापासून. आई शेजारी बसायची. या वेळी तिला मराठीत सांगावं लागत नव्हतं, तिला पाठ होतं. भाऊ पडताना ती उठून आत जायची आणि मग हाक मारून विचारायची, "झालं का?" मी म्हणायचे, झालं. मग ती येऊन बसायची.

देवळात घंटा आली तेव्हा मी हातातला कंट्रोलर तिला द्यायला गेले. "तू वाजव."

"माझी बोटं चुकतात," ती म्हणाली. "तूच वाजव."

मी वाजवली. पडदा पांढरा झाला, चूल दिसली, मुलगा हसला. आईनं पाय वर घेऊन सोफ्यावर मांडी घातली आणि आवाज थोडा वाढवला. मी चपला घालत होते तेव्हा तिनं मागं न बघता सांगितलं, "दार ओढून घे, मांजर येतं आत."