पिंडीला टेकवायचा नारळ

आमच्या गावाहून हिंगोलीला जायचं म्हणजे आधी जवळा बाजार गाठायचा आणि तिथून एस.टी. धरायची. फौजेत असताना दर सुट्टी संपली की मी याच वाटेनं निघायचो आणि शेजारची गयामाय मला कुंकू लावून हातात नारळ द्यायची. या खेपेला मात्र मला गुपचूप सटकायचं होतं. हिंगोली नुकताच जिल्हा झालेला. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी आता परभणीऐवजी तिथं खेटे घालायचे होते. पण हे गावात सांगायचं कोणत्या तोंडानं? "हिंगोलीहून बोलावणं आलंय," एवढंच मी पारावर बोललो. पुढचं गावानं आपल्या मनानं जोडलं.

सकाळी दार उघडतो तर अंगणात निम्मी आळी जमलेली! गयामाय ताट घेऊन सगळ्यांत पुढं.

"फौजी, सत्कार हाय म्हणं तुजा! मंग पदकं काहून (का) लावली न्हाईत?"

माझी बायको रुक्मिण माझ्याकडं बघत राहिली. आता हा काय बोलतो, असं तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. मी आत गेलो, कोटावर पदकं टाचली आणि बाहेर आलो. खोट्या मानाची लाज वाटत होती, पण खरं सांगायची त्याहून जास्त वाटत होती.

गयामायनं नारळ दिला. "वाटंत औंढ्याला उतर. तुज्या हातानं नागनाथाच्या पिंडीला टेकव अन् परत आण. मारुतीपुढं फोडू." गावचा माणूस मानाच्या कामाला निघाला की हा नारळ ठरलेला. टेकवायचा तो ज्याचा त्यानंच, दुसऱ्याच्या हातचा चालत नाही.

वेशीपर्यंत मी परेडसारखा ताठ चाललो. उजवा गुडघा वाकत नाही, पण चारचौघांत लंगडायचं नाही ही सवय मी जिवापाड जपली होती. वेस ओलांडल्यावर रुक्मिणनं न सांगता खांदा पुढं केला. तिनं भावाची बैलगाडी पलीकडं चिंचेखाली उभी करवली होती. गावात नको, हे तिला सांगावं लागलं नव्हतं.

एस.टी.त माझा पाय मधल्या वाटेत लांब झाला. कंडक्टर खेकसला, "ओ, पाय आत घ्या की! रस्ता काय बापाचा हाय?" मग त्याची नजर पदकांवर गेली. त्यानं पट्दिशी सलाम ठोकला आणि, "तकलीफ (त्रास) झाली तर सांगा, साहेब," म्हणाला. शिवी परवडली असती.

बाहेर दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मधेच हिरवीगार हळद, कंबरभर उंच. बाया ओळीनं वाकून वेचणी करत होत्या. रुक्मिण काचेला नाक लावून बसली होती.

"आपला कापूस लोंबून राहिला असंल," ती म्हणाली.

लोंबणारच, कारण वेचणारी ती एकटी आणि ती आज माझ्यासोबत. मी वाकू शकत नाही. बांधावर काठी घेऊन उभा असतो. गाव कौतुकानं म्हणतं, फौजी नुसता हुकूम सोडतो! पेन्शन लागली तर एक सालगडी (वर्षभराचा गडी) ठेवता आला असता आणि तिची पाठ सुटली असती. हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही अर्ज करायला मी चार पावसाळे घालवले.

औंढा आलं तेव्हा उशीर झालेला. नारळ परतीला टेकवू म्हणून पुढं गेलो. हिंगोलीच्या स्टँडवर भाकरी-ठेचा खाल्ला आणि माजी सैनिकांच्या कचेरीत गेलो. तिथले जुने सुभेदार माझा कोट बघून गालात हसले. "सत्काराला आलात की तपासणीला?" त्यांनी चहा पाजला आणि सरकारी दवाखान्यात पाठवलं.

दवाखान्यात कंपाउंडरनं नाव पुकारलं आणि माझा घात झाला. अंगात मुरलेली सवय! मी खाडकन उभा राहिलो, टाचा जुळवल्या, छाती काढली. डॉक्टर माझ्या निम्म्या वयाचे. "चालून दाखवा," म्हणाले. मी दात आवळून भिंतीपर्यंत गेलो आणि वळून आलो. कळ मस्तकात गेली, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही.

"चांगले चालता की, काका."

आणि मला बरं वाटलं! ज्यासाठी आलो ते हातचं जात होतं आणि मी मूर्खासारखा खूश होतो.

दाराशी पदर सावरून उभी असलेली रुक्मिण आत आली. परक्या पुरुषासमोर तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"साहेब, ह्येंना खाली बसाया सांगा."

"तू गप," मी म्हणालो.

"न्हाई गप बसणार. बुटाची नाडी मी बांधते. न्हाणीत मी धरून उठवते. सांगा तुमी बसायला."

डॉक्टरांनी सांगितलं. मी टेबल धरून बसू लागलो आणि धाडकन आडवा झालो. पदकं खणखणली. पिशवी कलंडून गयामायचा नारळ खाटेखाली गेला. दारातून रांगेतली माणसं डोकावून बघत होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

डॉक्टरांनी स्वतः उठवलं आणि पँट वर केली. "गोळी लागली होती?"

"न्हाई साहेब. रेशनचा ट्रक दरीत उलटला." गावात मात्र मी गोळी लागल्याचंच सांगितलं होतं.

त्यांनी निवांत लिहून काढलं. "कागद पुढं पाठवतो. मोठ्या तपासणीला बोलावतील. तिथं परेड करू नका, काका."

परतीला औंढ्याला उतरलो. नागनाथाचा गाभारा जमिनीखाली. अरुंद पायऱ्या, ठेंगणं छत, अंग चोरून वाकतच उतरावं लागतं. पूर्वी मी सरसर उतरायचो. आता पहिल्याच पायरीवर अडकलो. मागचा म्हणाला, "बाबा, उतरा, न्हाईतर सरा." मी सरलो. नारळ रुक्मिणच्या हातात दिला आणि वर खांबाला टेकून उभा राहिलो. ती घामाघूम होऊन वर आली. म्हणाली, "कुणाला सांगायचं न्हाई. टेकवला म्हणजे टेकवला."

मारुतीपुढं गाव वाट बघत होतं. गयामायनं नारळ हातात घेतला. "तुज्याच हातानं टेकवला ना रे?"

रुक्मिण घाईनं "व्हय" म्हणाली. तिच्या लुगड्याला गाभाऱ्यातलं ओलं भस्म अजून लागलेलं होतं.

"न्हाई माय," मी म्हणालो. "हिनं टेकवला. मला उतरता येत न्हाई. गुडघा वाकतच न्हाई. सत्कार-बित्कार काई नव्हता, अपंगाच्या पेन्शनीसाठी गेलतो. शेतातलं समदं हीच करती."

कोट काढून फेकावा असं वाटलं. गयामायनं माझ्या गुडघ्याकडं बघितलं. मग तिनं नारळ रुक्मिणच्या हातात ठेवला.

"जिनं टेकवला तिनं फोडायचा."

आमच्याकडं बाईमाणूस नारळ फोडत नाही. रुक्मिणनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं पदर खोचला आणि नारळ दगडावर आपटला. एका फटक्यात दोन शकलं.

मी पाराच्या कडेला बसलो आणि सगळ्यांदेखत पाय लांब केला. कागद अजून पुढं जायचे होते, पेन्शनीचा काही भरवसा नव्हता. लाज तर होतीच. पण पायाची लाज मला आता फारशी वाटत नव्हती. रुक्मिण हातोहात खोबरं वाटत माझ्यापर्यंत आली आणि कापसाच्या बोंडांनी चिरलेली तिची बोटं मी पहिल्यांदा उजेडात नीट बघितली. मला वर बघवेना.