ताईचा उजेडावरचा राग

आमच्या मावसबहिणीइतकी रागीट बाई अख्ख्या मुलुंडमध्ये दुसरी नसेल, आणि असलीच तर तीही हिच्याशी भांडूनच तशी झाली असेल. ताईचा सगळा राग उजेडावर. अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत ती जिवंत पेशींच्या आतल्या भागांना चमकणारा रंग लावायची. मायक्रोस्कोपखाली प्रकाश सोडला की तो भाग हिरवागार उजळतो. पण प्रकाश जास्त झाला की रंग विझतो आणि वर पेशीही मरते. पटकन बघायचं आणि बंद करायचं, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं, की आमच्याकडे आली की चपला काढायच्या आधी ट्यूबलाइट बंद. तिच्या घरी लोणच्याची बरणीसुद्धा फॉइलमध्ये गुंडाळलेली. माझ्या मुलीच्या बारशाला काका बाळावर सारखा फ्लॅश मारत होते, तर हिने त्यांचा मोबाइल हिसकावून तूरडाळीच्या डब्यात खुपसला. "बघितलंत ना एकदा? मग पुरे! जिवंत आहे ते!" काका न जेवता गेले.

गेल्या वर्षी ती हृदयाच्या पेशींवर काम करत होती. एका औषधाने त्यांच्यातल्या ऊर्जा पुरवणाऱ्या, पण थकलेल्या तंतुकणिका पुन्हा एकमेकींना जोडल्या जातात का, एवढंच तिला बघायचं होतं. पुन्हापुन्हा फसल्यावर एकदाची रंगवलेल्या पेशींची एक बशी जमली, आणि नेमके त्याच दुपारी साहेब शाल पांघरलेल्या पाहुण्यांना घेऊन आत शिरले. पाहुण्यांनी बघितलं, त्यांच्या बायकोने बघितलं, मग फोटोसाठी पाहुण्यांनी पुन्हा बघितलं.

"सर, रंग जातोय."

"अगं, दोन मिनिटांनी काय होतंय?"

पडद्यावरचा हिरवा फिकटत फिकटत काळा झाला. ताईने पाहुण्यांना शालीसकट दंडाला धरून बाहेर काढलं. "वाट लागली ना सर! आता काढा फोटो, काळोखाचा!"

साहेबांनी माफी मागायला सांगितली. ती मागेना, म्हणून नोकरी गेली. मला त्या माणसाचा आजही मनस्वी संताप येतो. असली माणसं खुर्चीत बसतात आणि जिला काम कळतं तिने आता घाटकोपरच्या क्लासात दहावीच्या मुलांना पेशीची आकृती काढून दाखवायची!

नोकरीच्या शेवटच्या दिवशी ताई संध्याकाळी थेट आमच्याकडे आली. उरलेल्या पेशींची बशी तिने रंगवून, फॉइलमध्ये गुंडाळून प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीच्या हवाली केली होती. या वेळी रंग छान बसला असणार, म्हणाली.

"तू बघितलंस की नाही?"

"नाही रे. मी बघितलं असतं तर तेवढा उजेड तिच्या वाटचा कमी झाला असता. तिला बघू दे."

 तेव्हा माझ्या लक्षात आलं, डोक्यावर ट्यूबलाइट तशीच जळत होती आणि ताईने तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. मीच उठून ती बंद केली.