एसटीच्या मागोमाग
मी डिंगोरे गावचा, लहानपणापासून एसटीनंच फिरलेला; आता पुण्यात एका मालकांकडे ड्रायव्हर. त्या दिवशी मालक मित्रांच्या गाडीतून पुढे गेले आणि त्यांची स्पोर्ट्स कार भीमाशंकरहून पुण्याला न्यायचं काम माझ्याकडे आलं. पाऊस लागून राहिला होता. तळेघरच्या अलीकडे एका वळणावर गाडी घसरली, तसा मी घाबरून पुढच्या चहाच्या टपरीपाशी थांबलो.

तिथे एसटीचे एक ड्रायव्हर हवा कळावी म्हणून बसच्या सहाही टायरांवर लोखंडी टॉमी मारून आवाज ऐकत होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खाकी शर्ट मात्र इस्त्रीचा. माझी गाडी बघायला ते जवळ आले.

"कार्बन सिरॅमिक ब्रेक आहेत," मी ऐटीत सांगितलं. "विमानाला असतात तसले."

त्यांनी काडेपेटीतली एक काडी माझ्या टायरच्या खाचेत उभी धरली. काडीचं गूलसुद्धा बुडालं नाही, इतका टायर झिजलेला.

"ब्रेक चाक थांबवतो, भाऊ. गाडी थांबवतो टायर," ते म्हणाले. "माझ्या मागं या. घाई करू नका."

घाटात जिथे रस्त्यावरून पाणी वाहत होतं, तिथे खिडकीतून त्यांचा हात बाहेर यायचा, तळवा खाली, म्हणजे हळू. पाणी ओलांडलं की बसचे मागचे लाल दिवे दोनदा लुकलुकायचे; ब्रेकवर नुसता पाय टेकवून ते ओले ब्रेक सुकवायचे. मीही तसंच करत घाटाखाली डिंभ्यापर्यंत उतरलो.

संध्याकाळी मालकांनी विचारलं, "घाटात किती पळाली रे?"

"पळाली न्हाई, साहेब. आमच्या एसटीच्या मागं आली."

'आमच्या' मी मुद्दाम लांबवून म्हटलं.