शमीम आधी घोडेगावात वाचायची

शमीम गेल्याचं तिच्या भावानं फोन करून सांगितलं. सकाळपासून तो एकेकाला फोन लावत होता. वाईट बातमी ग्रुपवर टाकायची नाही, असं तिनं आजारपणातच त्याला बजावलं होतं...

आम्ही दोघी नगरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचो. घरात मोबाईल आल्यावर तिथल्या बायकांचं काय होतं, हा तिच्या संशोधनाचा विषय. यात कसलं संशोधन, असं आमच्याच विभागात बऱ्याच जणांनी विचारून झालं. ती वाद घालत बसायची नाही, घोडेगावची एसटी पकडायची. तिथं शेळ्या बायका पाळतात; पण बाजारभाव येतो पुरुषांच्या मोबाईलवर, आणि सौदाही तिथंच ठरतो. सुनीता नावाच्या एका सुनेनं हे तिला मोकळेपणी सांगितलं आणि काही दिवसांतच सासऱ्यांनी सुनीताच्या हातातला फोन काढून घेतला.

मी म्हटलं, आता हे गाव सोड. शमीमला ते पटलं नाही. आपल्यामुळं तिचा फोन गेला, तर निस्तरायचंही आपणच, असं तिचं म्हणणं. सुनीताला विचारून, त्यांच्याच ओट्यावर बसून तिनं सुनीताच्या बोलण्यावरून लिहिलेलं संशोधनातलं प्रकरण सासऱ्यांना वाचून दाखवलं. मी शेजारीच होते. म्हातारबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"यात खोटं काय न्हाई," ते म्हणाले. "पर गावात आमची आब्रू जाईल, मॅडम."

"नाव कुणाचंच येणार नाही, काका. पण मी हे गाळणार नाही. शेळ्या ती राखते, मग भाव तिला कळायला नको?"

त्या दिवशी फोन परत मिळाला नाही. शमीम मात्र जात राहिली, कधी त्यांच्याकडं नुसता चहा पिऊन परत यायची. एका दुपारी आम्ही स्टाफरूममध्ये असताना तिचा मोबाईल वाजला. सुनीता होती. "मॅडम, माज्याच फोनवरून बोलतीय. बकरी मीच इकली."

पुढं आजारपणात पुस्तक लिहितानाही तिनं एक नेम सोडला नाही. लिहिलेलं आधी घोडेगावच्या बायकांना वाचून दाखवायचं, मग प्राध्यापकांना. प्रत्येक पान संपलं की मान वर करून विचारायची, "चुकलं कुठं?"

शेवटची दोन प्रकरणं वाचायची राहिली होती. गेल्या आठवड्यात ती घेऊन मी घोडेगावला त्या बायकांकडं गेले. पहिलं पान संपलं आणि मी तशीच दुसरं उलटायला लागले. मग सुनीताच म्हणाली, "ताई, मॅडम इचारायच्या तसं इचारा की."

मी विचारलं. दोघीतिघींनी एका वाक्याला हरकत घेतली. ते मी तिथंच खोडलं आणि पुढचं पान काढलं.