करवंदांची सोनोग्राफी

आमच्या बाई चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. महाडच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांनी हळूच "कोणी उकळलं हे?" असं विचारलं, की सगळी प्रयोगशाळा आपापले बर्नर बंद करायची.

उकळण्याशी त्यांचं हाडवैर. करवंदातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं उष्णतेने मरतात, म्हणून वर्षानुवर्षं भांडून त्यांनी अल्ट्रासाउंडचं यंत्र मिळवलं होतं. यंत्र कसलं, पाण्याची स्टीलची टाकी. तीत करवंदांच्या लगद्याचं काचेचं भांडं ठेवायचं आणि कानाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा. त्याने बारीक बुडबुडे होऊन फुटतात, फळाच्या पेशी मोडतात आणि न उकळता सत्त्व बाहेर येतं. गावात बोभाटा झाला, बाई करवंदांची सोनोग्राफी करतात. टाकी चालून चालून तापायची, म्हणून बाई तीत मासळी बाजारातला बर्फ टाकत. सगळीकडे बांगड्याचा वास. प्राचार्यांनी तक्रार केली तेव्हा म्हणाल्या, "मग बर्फाचं मशीन द्या." ते काही मिळालं नाही.

करवंदं मी आणायची. आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. आई घाटात करवंदांचे द्रोण विकायची, उरलेली करवंदं गुरांपुढे पडायची. त्याचा बाईंना फार राग. वाडीतल्या बायकांनीच अर्क काढून विकावा, असं त्यांनी मनात धरलेलं. म्हणून एकदा अर्काची बाटली घेऊन त्या स्वतः वर आल्या. आईने ती सरळ चुलीवरच्या पातेल्यात रिकामी केली, वर गूळ घातला. मला म्हणाली, "पावनीला कच्चं कसं देऊ गो?" मी तोंड उघडायच्या आत कप बाईंच्या हातात होता. बाई सगळा प्यायल्या. वर म्हणाल्या, "अजून घोटभर द्या." घाट उतरताना मात्र खालपर्यंत माझी खरडपट्टी काढली.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यांचं तेरावं होतंय न होतंय तोच कॉलेजने यंत्र विकून टाकलं. "आता कोण वापरणार?" म्हणे. मी तिथेच शिकवते, करवंदं अजून आणते, आणि मला विचारायचीसुद्धा कोणाला गरज वाटली नाही. आठवलं की अजून डोकं फिरतं.

परवा आईच्या मंगळसूत्राच्या वाट्या उजळायला सराफाकडे गेले. काउंटरवर तीच टाकी होती, दागिन्यांचा मळ काढायला लावलेली, कडेला करवंदांचा जांभळा डाग तसाच. पाण्यातून वाफा निघत होत्या.

माझा आवाज आपोआप खाली गेला. "बर्फ टाका त्यात."

"ताई, सोनं आहे ते," सराफ हसला. "त्याला काय होतंय?"

त्याचं खरंच होतं. मी उठले, मासळी बाजारातून पिशवीभर बर्फ आणला आणि त्याच्यादेखत टाकीत ओतला.