‘माझी’ असं लिहिलेली फ्लॉपी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला आणि महिनाभर जेवणाचं टेबल अडवून ठेवलं. टीव्हीला जोडायचा, कीबोर्डच्या पोटातच सगळं असलेला, शेजारी फ्लॉपी ड्राइव्हची वेगळी पेटी. लग्नाच्या पहिल्या वर्षी जालन्याच्या एका शेठजींकडून जुना म्हणून घेतला होता. त्यांच्या मुलाला त्याचा कंटाळा आला होता. आम्ही तेव्हाही बदनापुरातच. हे कारखान्यात वायरमन, घरी आले की त्या यंत्रासमोर.

निवृत्त माणसाला उद्योग हवाच, म्हणून मी काही बोलले नाही. पण खोक्यात एक फ्लॉपी निघाली. तिच्यावर माझ्या अक्षरात ‘माझी’ असं लिहिलेलं.

“काय गं ह्याच्यात?”

“काय की. मला न्हाई आठवत.”

सगळं आठवत होतं. हे ड्यूटीवर गेले की मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून ह्यांच्यावरचा राग त्यात ओतायची. बावीस वर्षांची होते, घरात सासूबाई, मन मोकळं करायचं कुणापाशी? पुढं संसार गोड झाला. आता ह्या वयात त्यांनी ते वाचावं, असं मला मुळीच वाटत नव्हतं.

म्हणून ड्राइव्ह बिघडलाय हे कळल्यावर मला बरं वाटलं. आतला रबरी पट्टा विरघळून काकवीसारखा चिकट झाला होता. ह्यांनी टेपरेकॉर्डरचा पट्टा शोधून आणून बसवला, स्पिरिटच्या बोळ्यानं डिस्क वाचणारं हेड पुसलं. माझी डिस्क खराब होईल म्हणून आधी गेमची विकतची डिस्क घालून पाहायचे. ती वाचली जाईना. मग हेडची मोटर केसभर सरकवायची, पुन्हा डिस्क घालायची, असं आठवडाभर चाललं आणि एका सकाळी गेम सुरू झाला. ह्यांनी हात स्वच्छ धुतले आणि माझी डिस्क घातली. खर्र, खर्र, एरर. तीनदा तेच.

“तुझी डिस्कच गेली गं,” हे म्हणाले. “तुझ्या हातचं काहीतरी तुला परत दाखवावं वाटलं व्हतं.” चष्मा पुसत बसले. चहा निवला तरी कपाला हात लावला नाही.

डिस्क गेली नव्हती. लग्नाच्या त्या पहिल्या वर्षी ड्राइव्ह एकदा अडला, तेव्हा ह्यांच्या माघारी मीच स्क्रू ढिले करून ती मोटर सरकवली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. वाकड्या ड्राइव्हवर लिहिलेलं वाकड्या ड्राइव्हलाच वाचता येणार. ह्यांनी तो सरळ केला आणि माझं पाप झाकलं गेलं. गप्प बसले असते तर जन्मात कळलं नसतं.

पण ह्या माणसाचं उतरलेलं तोंड मला बघवत नाही, ही माझी जुनी खोड.

“सरका तिकडं,” म्हणत मी स्क्रूड्रायव्हर घेतला.

“अगं, बराबर जुळलंय ते! कशाला बिघडवून राह्यली?”

“बघाच तुम्ही.”

पाचव्या खेपेला टीव्हीवर अक्षरं आली. हे खुर्ची ओढून, अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागले. मी ओट्याकडं तोंड करून उभी राहिले. सासूबाईंवरचं आलं. भाजीवरून झालेलं भांडण आलं, त्यावर हे खुदकन हसले. मग आवाज हळू झाला.

“ह्या माणसाला यंत्राशी बोलता येतं, माझ्याशी न्हाई. मी दिवसभर वाट बघते आणि घरात दोघं असून एकटी राहते.”

मग टीव्ही बंद केल्याचा खटका वाजला. मी वळून पाहिलं, तर ह्यांनी खुर्ची माझ्याकडं फिरवली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर.

“बोल,” म्हणाले. “मी ऐकून राह्यलो.”

मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर बसले. आधी नुसतं रडू आलं, मग बोलले.