पलीकडच्या खोलीत सगळं ऐकू येत होतं

लग्नानंतरची पहिली चार वर्षं मी वैशाखऱ्याजवळच्या एका वाडीत काढली. अंगणाला अंगण लागलेलं, कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरून कळायचं. तिथे नवऱ्याने माझ्यावर एकदाच हात उचलला. त्याला न विचारता मी माहेरी निरोप धाडला, एवढंच कारण. एक थप्पड बसली आणि दुसरी बसायच्या आत समोरच्या घरातली चुलतसासू हातातल्या सुपासकट अंगणात येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. "काय रे, काय झालंय?" इतकंच म्हणाली आणि जागची हललीच नाही. तिच्यामागे आणखी दोघी-तिघी आल्या. नवरा चपला घालून निघून गेला. पुढे आठवडाभर जो तो त्याला टोमणे मारत होता. त्यानंतर वाडीत असेपर्यंत त्याने मला बोट लावलं नाही. मला वाटलं, माणूस सुधारला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याला मुरबाडच्या एका कारखान्यात काम लागलं आणि आम्ही तिथे खोली घेतली. दहा खोल्यांची ओळ होती. वर सगळ्यांना मिळून एकच पत्रा आणि मधल्या भिंती त्या पत्र्यापर्यंत न पोचलेल्या. बाजूचा खोकला तर आपल्याच खोलीत आल्यासारखा वाटायचा. माणसं कुठून कुठून आलेली, वर्ष-दोन वर्षांत निघून जाणारी. मालकाने खोली देतानाच बजावलं होतं, "पोलिसांची भानगड इथं चालायची नाय. ज्याच्यापायी पोलीस आला, त्यानं दुसऱ्या दिवशी खोली खाली करायची." आम्ही मान डोलावली. आपल्याला कशाला पोलीस लागतायत, असं वाटलं.

वर्षभरात कारखान्यातलं काम आठवड्याला तीन दिवसांवर आलं. उरलेले दिवस नवरा ओळीमागच्या नाल्याजवळ बसायचा. तिथे दारू मिळायची आणि त्याच्यासारखेच रिकामे पुरुष असायचे. तिथून उठून आला की कशावरूनही सुरू. पहिल्यांदा मारलं तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने ओरडले. वाडीची सवय. तेवढ्यात कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. नवऱ्यानेही तो ऐकला. हात तसाच वर ठेवून क्षणभर ऐकत राहिला. आणि मग तो निवांत झाला. त्याचा तो निवांत चेहरा मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी फक्त एकजण आली, लगतच्या खोलीतली. ती किन्हवलीकडची, नवरा वारलेला, शाळेत जाणारी एक मुलगी. पॅकिंगच्या कामाला जायची. तिने मिठाच्या गरम पाण्याने माझी पाठ शेकली आणि म्हणाली, "गो, परत असं झालं ना, तर भिंतीवर पातेलं आपट. मी येते."

आणि ती आली. दोनदा आली. दारात उभी राहून म्हणायची, "वहिनी, काडेपेटी हाय का?" नवरा हात खाली घ्यायचा. मी तिच्या मुलीचे फ्रॉक शिवून द्यायचे, ती माझ्यासाठी कालवण झाकून ठेवायची. सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही ते मी तिला सांगितलं होतं.

मग तो रविवार आला. दुपारची वेळ, सगळी ओळ घरात. मी पातेलं आपटलं. पुन्हा आपटलं. पाच-सहा वेळा तरी आपटलं असेल, शेवटी नवऱ्याने ते हिसकावलं आणि माझा हात पिरगळला. मनगट मोडलं. पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज मला स्पष्ट आला, म्हणजे ती घरात होती.

मी एकटीच दवाखान्यात गेले, प्लास्टर घातलं, तिथून पोलीस ठाण्यात. दुसऱ्या दिवशी हवालदार चौकशीला आला. प्रत्येक दारात एकच उत्तर, "आमी कामावर होतो." रविवारी. मला त्यांचं काही वाटलं नाही. मी तिच्या दाराची वाट बघत होते.

ती बाहेर आली. माझ्याकडे न बघता, प्लास्टरकडे बघत म्हणाली, "ही नळावर घसरली. मी बघितलं ना. दोघं चांगली राहतात."

"बघा साहेब," नवरा म्हणाला.

हवालदाराने वही मिटली.

काही ऐकलं नाही, एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. तिने मला नळावर पाडलं. त्याच दिवशी मी शहापूरला माहेरी आले, ती परत गेले नाही. पुढे बालवाडीत मदतनीस म्हणून लागले. भाऊ म्हणायचा, मुरबाडच्या जागेनं माणूस बिघडवला. मला ते पटायचं आणि पटायचंही नाही. वाडीत त्याला लाज होती, ती माझी नव्हती, त्या अंगणाची होती. अंगण सुटलं आणि लाजही सुटली. पण हात त्याचाच होता.

सहा-सात वर्षांनी शहापूरच्या स्टँडवर ती दिसली. तिनेच हाक मारली. मी थांबले. विचारायची गरजच पडली नाही, ती आपणहून बोलू लागली. "हवालदाराच्या आधी मालक आला होता गो. म्हणाला, तोंड उघडलंस तर सामान रस्त्यावर. मुलगी वयात आलेली. तिला घेऊन कुठं गेले असते?"

"ते मला कळतं," मी म्हणाले. "पण पातेलं आदल्या दिवशी वाजलं होतं. तेव्हा मालक कुठे आला होता?"

ती मग म्हणाली, "मुलगी म्हणत होती, आई, काकी वाजवतेय. मीच तिला गप बस म्हटलं. दर वेळेला मीच का उठायचं, असं झालं होतं मला. बाकीच्या आठ खोल्यांत कुणी माणसं नव्हती का?"

खरंच होतं ते. आठ खोल्या होत्या आणि मी त्यातल्या एकीलाही कधी दोष दिला नव्हता. सगळा राग हिच्यावर, कारण भरवसा हिच्यावर होता. हे तिला सांगावंसं वाटलं.

किन्हवलीची गाडी लागली. तिने माझा हात धरायला हात पुढे केला. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घराकडे चालू लागले.